जिवंतपणीच्या नऊ संध्याकाळी

मंगळवार, ६ ऑगस्ट

ओक्ताव्हियोची इच्छामरणाची मागणी मंजूर. समितीतले तिघेही – डॉक्टर, वकील, मानसतज्ज्ञ – एकमताने. इंजेक्शन घरीच, वीस तारखेला सकाळी. माझ्याकडे उरलं ते नेहमीचं : घरची माणसं, त्या वेळी खोलीत कोण असणार, पुढे दफन. कोणाचं मन वळवणं माझ्या कामात बसत नाही. कधी वळवलंही नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

त्याच्या घरी गेले. उभा चढ, धुकं, धाप! मुलगी मारिबेलने अरेपा – मक्याची जाड भाकरी – आणि चीज पुढ्यात ठेवलं. नाही म्हणायची सोय नाही. ओक्ताव्हियो जन्मभर या डोंगरांतून जीपने कॉफीची पोती उतरवत आला. आता हातपाय गेलेत, जीभ जड होत चाललीय. थट्टा मात्र चालूच.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही आलात की शेजारी खिडक्या लावून घेतात. मरणाची बाई म्हणतात तुम्हाला!"

मी डॉक्टर नाही, इस्पितळाची समाजसेविका आहे, हे सांगणं केव्हाच सोडलंय. इथे हातात फाइल असली की सगळे डॉक्टरच.

त्याला एकच गोष्ट हवी आहे – शेवटी थोरली बहीण गिल्मा खोलीत हवी. आई लवकर गेली, हिनेच वाढवलं त्याला. पण तो अंथरुणाला खिळल्यापासून ती फिरकलेली नाही. मागणीचं कळल्यावर तर निरोपच धाडला, "देवाने बोलावल्याशिवाय निघालेल्याला मी निरोप देत नसते." राहते दोन गल्ल्या पलीकडे!

सोमवार, १२ ऑगस्ट

माणूस गेल्यावर नऊ संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची, ही इथली रीत. गिल्माबाईंनी ती कालपासूनच सुरू केली! मारिबेल फोनवर रडत होती. "फोटो मांडलाय, पांढरं कापड घातलंय, आत्म्यासाठी पाण्याचा पेला ठेवलाय. गल्लीतल्या बायका जपमाळा घेऊन येतायत. बाबा जिवंत आहेत हो माझे!"

गिल्माबाईंना फोन केला. शांतपणे म्हणाल्या, "अशा जाणाऱ्याला वर दारात कोण घेणार? तो पोचायच्या आत माझी प्रार्थना पोचलेली बरी."

फोन ठेवला.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

ओक्ताव्हियोला कळलंच. मला वाटलं, खचेल. तर म्हणाला, "प्रार्थना माझी आणि मलाच आमंत्रण नाही? चला!"

शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून गिल्माबाईंच्या घरी नेला. मी मागून. बायकांचा जप जागच्या जागी थांबला, एकीची तर माळच गळून पडली. तो स्वतःचा फोटो न्याहाळत राहिला.

"लग्नातला लावलास होय, ताई? बरा दिसतोय की." मग पेल्याकडे बघून – "पाणी माझंच ना? मग दे. तहान लागलीय."

गिल्माबाईंनी पेला पुढे केला. याचा हात हलेना. "घे की रे!" त्या तशाच उभ्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. पेला त्याच्या ओठांना लावला. निम्मं पाणी गळ्यावरून ओघळलं, ते त्यांनी शालीच्या टोकाने पुसलं. मग कोणीतरी कॉफी आणली.

मंगळवार, २० ऑगस्ट

डॉक्टर वेळेवर आले. गिल्माबाई आमच्या आधीच उशाशी बसलेल्या, मनगटाला जपमाळ, ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे शेवटचं विचारलं.

"आज नको," तो म्हणाला. "ताई आलीय."

डॉक्टरांनी बॅग बंद केली. तो त्याचा हक्क आहे. जिना उतरताना मला फार बरं वाटलं – इथे लिहायला हरकत नाही!

सोमवार, ३० सप्टेंबर

गिल्माबाई बिऱ्हाडासकट तिथेच राहायला आल्यात. मारिबेलची तक्रार – "आत्या मला चमच्याला हात लावू देत नाही."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

त्याचं बोलणं पूर्ण बंद. आता डोळ्यांनी बोलतो. मिटले तर हो, उघडे ठेवले तर नाही. घास अडकतो, गुदमरतो. गिल्माबाई निम्म्या झाल्यात.

बुधवार, ४ डिसेंबर

गिल्माबाईंचा फोन. "तारीख द्या, डॉक्टरीणबाई. त्याचं गुदमरणं मला बघवत नाही. तोही हो म्हणतोय, विचारलं की डोळे मिटतो."

गेले. दोघींना बाहेर बसवून दार लावलं. विचारलं – जायचंय? डोळे उघडे. शब्द बदलून पुन्हा विचारलं. उघडेच. मग विचारलं – राहायचंय? मिटले.

बाहेर येऊन सांगितलं. गिल्माबाई स्वतःशीच म्हणाल्या,

"मग हो कोण म्हणत होतं?"