कृष्णाचा डावा पाय

प्रिय कृष्णा,

औरंगपुऱ्यात मी पंपाची मोटार नुसती ऐकून बिघाड सांगतो. कोरोनातून उठल्यावर तू गावाकडं पिशोरला चालता चालता मला फोन करायचास आणि दर वीस पावलांवर थांबायचास. मला ते ऐकू यायचं. तरी म्हणायचो, "आळशी झालास लेका!" तू हसायचास.

आज डॉक्टर म्हणाले, त्या आजारानं पायाच्या रक्तवाहिन्या आतून खराब झाल्या. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून पायात पेशी टोचायचा इलाज अजून प्रयोगातच आहे, अन् या पायाला तर उशीरच झाला.

तू विचारलंस, "दादा, नव्या पेशी टाकणार ना?"

मी "व्हय" म्हणालो. पाय काढायच्या कागदावर मोठा भाऊ म्हणून सही मीच करून आलो होतो.

हे पत्र खिशातच राहील. उद्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आलास की माझ्यावर ओरड. या वेळी ऐकेन.

तुझा दादा,
पुंजाराम