धुळ्याचा दात

१० जानेवारी १९३४

धुळ्याने आज पुन्हा कडक भाकरी परत केली! स्वयंपाकीण ईरम्माने पापडासारखी पातळ वाळवलेली, सोबत शेंगांची चटणी, दही. सैनिकांच्या या होममधले आम्ही सगळे म्हातारे शिपाई तुटून पडलो. हा मात्र आमटीत मऊ भाकरी कुस्करत बसला. ईरम्मा फणकारली, “अक्कलकोटची हाय मी. माझी भाकरी आजवर कुनी परत केली न्हाय!” धुळा आमटी ओरपत राहिला. धनगराचा गडी, उभा जन्म रानात शिळंपाकं खाल्लेलं — आणि आता हे नखरे!

१२ जानेवारी

उलगडा झाला. धुळ्याचा पहाटेचा बिगुल आज मध्येच फाटला. लाकडी पाय ओढत मागच्या लिंबाखाली गेलो, तर धुळा पुढचा दात बोटाने दाबून बसलेला.

“हलतोय, नाईक. वरचा ह्यो योकच ऱ्हायलाय. ह्यो गेला की व्हटाला टेकू न्हाय. मग फुंक बसत न्हाय बगा.”

हसू आलं आणि लगेच विरलं. होममध्ये जागा लढाईत जायबंदी झालेल्यांनाच. मी माझ्या गेलेल्या पायाच्या जोरावर राहतो. धुळा धडधाकट, तो इथे बिगुलर म्हणून आहे. बिगुल गेला की त्याने नातेपुत्याकडे परत जायचं. तिथे आता ना मेंढरं, ना भाऊ.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेले. आम्ही दोघंच मागे. तिळगूळ त्याने चघळला, चावला नाही.

महायुद्धातल्या बसऱ्याची आठवण निघाली. निघणारच! वाळूचं ते वादळ — दिवसाढवळ्या स्वतःचा हात दिसेना. पायात गोळी, कंपनी कुठे पत्ता नाही. वाटलं, आपलं गाव टेंभुर्णी काही आता दिसत नाही. आणि मग बिगुल. जेवणाचा नाही, माघारीचा नाही — चक्क सकाळी उठायचा! त्या कॉलवर आमच्या पोरांनी शब्द बसवले होते, “ऊठ की गड्या, ऊठ की रं, चहा निवला, ऊठ की रं!” मी रडत होतो आणि ते शब्द पुटपुटत आवाजाकडे सरपटत होतो. पोचलो तर धुळा उभा. ओठ फुटलेले, दाढीवर रक्त.

आज विचारलं, “उठायचाच कॉल का रे वाजवलास?”

“पडल्याल्या मानसाला आनि काय सांगायचं?”

किती तरणे होतो आम्ही! माझा पाय होता. त्याचे दात होते.

१७ जानेवारी

होमचे सुभेदारसाहेब परेडला म्हणाले, महिनाअखेरीस पुण्याचे साहेब तपासणीला येणार. हल्ली बिगुल नीट वाजत नाही अशी तक्रार गेली आहे. तेव्हाही वाजला नाही तर बिगुलरची जागा बंद, दारात घंटा टांगणार. वर म्हणाले, “कोण फुंकतो ते मी बघणार नाही. बिगुल ऐकू आला पाहिजे.”

मी धुळ्याला म्हटलं, माझे पुढचे दात शाबूत आहेत. मला शिकव. जागा तुझीच राहील.

“माजा बिगुल मागताय व्हय, नाईक?” एवढंच बोलला आणि उठून गेला.

१९ जानेवारी

अबोला. चांगलं करायला गेलो, तोंडघशी पडलो.

२१ जानेवारी

अंघोळ करून येतो तर माझ्या खाटेवर बिगुल! राखेने लखलखीत घासलेला. धुळा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “गालानं न्हाय फुंकायचं. पोटानं.”

२४ जानेवारी

धुळा ‘ऊठ की गड्या’ म्हणत चाल शिकवतो, ती ऐकून होमभर सगळ्यांना पाठ झाली; माझ्या बिगुलातून मात्र रेडकाचा आवाज निघतो. ईरम्मा कानावर हात ठेवून ओरडली, “शिवा शिवा! म्हस व्याली का काय?” धुळा हसून हसून खोकला. मग एकदम तोंड घट्ट दाबून धरलं — दात!

३१ जानेवारी

साहेब आले. आम्ही रांगेत. मी फुंकला. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला ओठ सटकला आणि आवाज गेलाच.  संपलं, धुळा चालला नातेपुत्याला.

तेवढ्यात मागून त्याचा घोगरा आवाज आला, “ऊठ की गड्या, ऊठ की रं...” मग अख्खी रांग. दमेकरी, लंगडे, एका डोळ्याचे, सगळे त्या चालीवर, “चहा निवला, ऊठ की रं!” मला दम आला. शेवटची ओळ मी वाजवली, खणखणीत!

साहेबांनी हा काय प्रकार म्हणून विचारलं. सुभेदारसाहेब मान न हलवता म्हणाले, “आमच्या होमची पद्धत आहे, साहेब.” साहेब मिशीत हसले. जागा कायम. संध्याकाळी सुभेदारसाहेब धुळ्याला म्हणाले, “शिकवणारा तोही बिगुलरच. ह्याला अजून पुष्कळ शिकवायचंय.”

खरंच आहे ते.

१ फेब्रुवारी

धुळ्याने आज स्वतः कडक भाकरी मागून घेतली. मी नको नको म्हणेपर्यंत पहिला घास — कट्ट! दात माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “लई हलकं वाटतंय, नाईक.”