पूर्ण पाचपट होडी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी चालू पंखे उघडून दुरुस्त करणं थांबवलं का? इकडे सगळे मजेत आहेत, आणि मी तर जिंकलो आहे. पत्रास कारण तेच.

आपला होडीचा खेळ आठवतो ना? बाबांच्या कचेरीने मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरवर खेळायचो तो. खडक चुकवायचे, मासे पकडायचे. तो मी फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असा आजवर सांभाळला, शेवटी येणाऱ्या गुणांच्या यादीसकट. ज्याने जसा खेळ संपवला त्या क्रमाने ती यादी लागते. तुझे सात हजार नऊशे आणि माझे आठ हजार चारशे दहा. (तुला तो आठ कायम तीनच दिसायचा. जुन्या डब्याचा तो कोपरा पुसट होता आणि इंग्रजी तीन-आठ दिसतात सारखे, पण म्हणून इतकी वर्षं भांडायचं?) गेल्या महिन्यात मुलाने भिंतीएवढा मॉनिटर आणून दिला. हौसेने खेळ लावला, तर सगळं भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं. मी तीन होड्या मोठ्या शिताफीने माशांपासून वाचवल्या आणि खडकांवर घातल्या.

दुकानदार म्हणाला, जुने खेळ असेच दिसतात, काका. मुलगा म्हणाला, डोळे दाखवा. मला! एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. गळालेला अनुस्वार मी दुसऱ्याच्या टेबलावरून पकडायचो. तरी रोजची कटकट नको म्हणून गेलो. डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बाई, मोतीबिंदू मॉनिटरला झालाय. त्या हसल्या नाहीत. (विनोद दिसायलाही नजर लागते.)

मग मी स्वतःच खोलात शिरलो आणि रोग सापडला. आपला खेळ तीनशेवीस ठिपके रुंद आणि दोनशे उंच. हा मॉनिटर रुंदीला त्याच्या बरोबर सहापट, पण उंचीला सव्वापाचपटीहून थोडा जास्त. आता एका ठिपक्याचे सव्वापाच ठिपके कसे करणार? मग हा गाढव उरलेला रंग शेजारच्या ठिपक्यावर फासतो. उपाय सरळ आहे: सगळं आडवं-उभं पूर्ण पाचपट करायचं आणि उरलेल्या कडा काळ्या सोडून द्यायच्या. जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमची सेटिंगची एक फाइल असते. तिच्यातली एक ओळ बदलली की झालं.

मी ओळ बदलली. काही फरक नाही. पुन्हा बदलली, वायर बदलली, टेबलाची जागा बदलली. आठ दिवस मी मॉनिटरला शिव्या घातल्या (दोन दिवस मुलालाही, उगाचच). नवव्या दिवशी उलगडा झाला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्या ओळीतल्या एका शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं आणि मी फाइल उघडताक्षणी, हाताच्या सवयीने, ते दुरुस्त केलं होतं. प्रोग्रॅम मात्र ती ओळ त्या चुकीवरूनच ओळखतो! ताई, मला ती चूक माझ्या हाताने परत घालावी लागली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. फार वाईट वाटलं. पण पुढच्या क्षणी खडक खडकासारखे आणि मासे माशांसारखे! सूर्य जरा बसका झालाय, पण त्याची कड सुरीने कापल्यासारखी. तुझी भावजय म्हणाली, चारी बाजूंनी काळं का? मी म्हटलं, पानाला समास असतोच.

तेव्हा दोष मॉनिटरचा होता, माझा नव्हता, हे सिद्ध झालेलं आहे. फोनवर मुलगा तुझ्याकडे माझी चुगली करेल, त्याला हे ठणकावून सांग. मी कोणापुढे मान तुकवलेली नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा (अपराजित)

ता. क. सूर्याची कड सुरीने कापल्यासारखी आहे, असं तुझी भावजय म्हणते. तिला दारातूनही दिसते. मलाही दिसते, उजव्या डोळ्याने. उजवा झाकला की खडकांचे पुन्हा मासे होतात.

आणखी ता. क. गुरुवारी सकाळी नऊला ऑपरेशन आहे. वीस मिनिटांचं काम आहे असं सगळे इतक्यांदा सांगतात की मला भीती वाटायला लागली आहे. तू बुधवारीच ये. मी बोलावलं म्हणून सांगू नकोस, खेळायला आले म्हण.

शेवटची ता. क. भावजयीने ती यादीही वाचून दाखवली. तो तीनच आहे. मला तेव्हाच माहीत होतं. तेव्हा माझे दोन्ही डोळे उत्तम होते.