काकांचा चष्मा आणि विठोबाची पावले

मुक्काम कुंभकोणम्, श्रावण वद्य दशमी, शके १८०७

तीर्थरूप तुकोजीकाकांच्या चरणी बालक सुंदरचे साष्टांग दंडवत. इकडे सर्व खुशाल असून तिकडे तंजावरास आपला गुडघा, आपली भूक आणि आपला राग ही तिन्ही ठणठणीत आहेत असे धरून चालतो. आपले पत्र पोचले. सूनबाई जयलक्ष्मीचे अक्षर सुरेख आहे. आपण सांगितलेल्या शिव्यासुद्धा तिने वळणदार काढल्या आहेत. (हे पत्रही तीच वाचून दाखवणार, कारण आपला चष्मा दुरुस्तीला माझ्याकडे आहे. जयलक्ष्मी, जरा मोठ्याने वाच.) चष्म्याची दांडी बसली का, असे आपण तीनदा विचारले आहे. बसली. तांबटाने ती अशी बसवली आहे की आपण पुन्हा चष्म्यावर बसलात तरी हलणार नाही. बाकीचे ओघाने येईल.

गोकुळाष्टमीसाठी गोविंदपुरमच्या भजनमंडळींनी माझ्याकडे विठ्ठलाचे चित्र सांगितले होते. फणसाची फळी, तिच्यावर कापड, मग चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप, हे सगळे आपण शिकवले तसेच केले. पुढे मात्र अडचण असते. आपण राजवाड्यात चित्रे काढत होता तेव्हा सोन्याच्या वर्खाशेजारी खरे खडे बसत. आता राज्य कुंपणीने नेले, खडे कोणी नेले ते ठाऊक नाही, म्हणून मी घरात सापडेल ते बसवतो. यालाच आपण नऊ वर्षांपूर्वी भंगार म्हणालात आणि तेव्हापासून माझे एकही चित्र पाहिले नाहीत. मी ते मनाला लावून घेतले नाही. (घेतले. पण ते इथे लिहिण्याचे कारण नाही.)

माझी रीत अशी की आधी काही चिकटवायचे नाही. वस्तू नुसत्या मांडायच्या, दाराशी जाऊन बघायचे, कपाळाला आठ्या घालायच्या आणि पुन्हा उचलायच्या. असे अकरा दिवस चालले. तुळशीमाळेसाठी सोड्याची हिरवी बाटली फोडली. पितांबराच्या काठाला आमच्या सौ. भवानीच्या फुटक्या बांगड्या लावल्या (फुटक्या दोनच होत्या, बाकीच्या मी वाढवल्या). कमरपट्ट्याला पानाच्या डब्याची बिजागरी गेली, प्रभावळीला भवानीच्या फणीपेटीतला आरसा. तिला तो तीन दिवस सापडेना. सापडला तेव्हा ती देवाच्या डोक्यामागे बघून कुंकू लावू लागली आणि मला एवढेच म्हणाली, "आतां घरांत सुटी वस्त राहिली ती तुम्ही एकलेच."

सगळे जमले, पावले जमेनात. विटेवर ती इतकी बारीक दिसत की दोन चिंचोके ठेवावेत. भजनातली निम्मी मंडळी आपल्या वयाची; त्यांनी डोके टेकायचे तरी कुठे बघून? लेप वाढवला तर पाय सुजल्यासारखे दिसले (आपल्या गुडघ्याची आठवण झाली), म्हणून खरवडले. शेवटी मला दोन गोल काचा मिळाल्या. कुठे, ते विचारू नये. नुसते मापाला म्हणून ओल्या लेपाची उंच कड करून त्या दोन पावलांवर ठेवल्या. काका, पावले पुढे आली. नखेसुद्धा दिसली. मी जमिनीवर बसलो आणि रडलो.

सकाळी लेप सुरीने सोडवून काचा काढायच्या असा माझा पक्का विचार होता. पण सकाळी भजनाचे प्रमुख शेषाद्री भागवत आपली मंडळी, टाळ आणि बैलगाडी घेऊन दारात उभे. एक दिवस आधी, कारण म्हणे गाडी आज मोकळी होती. मी म्हटले, थोडे काम राहिले आहे. ते म्हणाले, डोळेच ना, उघडा. आपणच मला शिकवले आहे की डोळे शेवटी काढायचे आणि एकदा उघडले की ती फळी नव्हे, देव. त्याला सुरी लावायची नाही. वीस माणसे गात असताना मी कुंचला हातात घेतला आणि डोळे उघडले. आरती झाली, देव गाडीत बसला.

गोविंदपुरमला अष्टमीला मोठी रांग लागली. गंगाबाई म्हणून ऐंशीच्या एक आजी वाकल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, "साठ वर्षं नांव घेतलें. पाय आज बघितलें." बाकी विशेष नाही. लोभ आहेच, राग थोडा कमी करावा.

आपला आज्ञाधारक,
सुंदर

ता. क. जयलक्ष्मी, इथून पुढे मनात वाच. दांडी पक्की आहे, चौकट लखलखते आहे, पण काकांच्या चष्म्याच्या काचा विठोबाच्या पायांवर आहेत. नव्या मागवायला गेलो तर चेन्नपट्टणचा चष्मेवाला नमुन्याला जुन्या मागतो. काकांना जेवण आणि ताक झाल्यावर सांग.

ता. क. दुसरा. तू मनात वाचले नसशील. मोठ्याने वाच म्हणून मीच सांगून बसलो. तेव्हा काका, ऐकलेच आहे तर रागवायला म्हणून तरी या. आगगाडीने कुंभकोणमला उतरा, पुढे मी बैलगाडी घेऊन येतो. चित्रातले बाकी काही बघू नका, ते भंगारच आहे. फक्त पायांपाशी वाका. काचा आपल्या डोळ्यांच्या आहेत. आपल्याला दिसेल तसे तिथे कोणालाच दिसायचे नाही. आपण एकदा बघावे, एवढ्यासाठीच हे सगळे पत्र.

ता. क. तिसरा. येताना दरबारी पागोटे घालून यावे. मंडळींनी आता रखुमाई सांगितली आहे, आणि पागोट्याची जरीची किनार एव्हाना सुटी झाली असेल.