जयाचं लंघन

कार्तिक वद्य ३, शके १८०६

तापच! जयाच्या कपाळावर हात ठेववत नाही. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली, दोन गोधड्या घातल्या आणि हुकूम सोडला — "लंघन. पाणीसुद्धा द्यायचं नाही. पाण्यानं ताप मुरतो." वैद्यबुवांनीही मान डोलावली. त्यांचं काय जातं!

वद्य ४

दोन वर्षांची पोर ती. सारखं "पाणी, पाणी". ओठांची सालं निघाली आहेत. गेल्या साली धाकूच्या वेळीही असंच. सगळ्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि माझा धाकू गेला.

ह्यांच्याकडे विषय काढला. "आईनं चार मुलं वाढवली आहेत. तुला काय कळतं?" आठ झाली, चार जगली — हे कोण बोलणार!

वद्य ५

दुपारी सासूबाई कोपिनेश्वराच्या देवळात गेल्या. दार ओढून घेतलं. उकळून निववलेलं पाणी, पळी पळीनं. कशी प्यायली माझी राणी! गोधड्या काढल्या, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. काही झालं तर मीच मारली असं होईल. तरी पाजलं.

वद्य ६

पुन्हा पाजलं. थोडी पेजही. सासूबाईंनी माझा ओला पदर पाहिला. "भांडी घासली," म्हटलं.

वद्य ८

घाम फुटला, अंग गार झालं. जया उठून बसली, भात मागते आहे! देवापुढे रडून घेतलं.

सासूबाई आळीभर सांगत सुटल्या आहेत — लंघनानं पोर वाचली. सांगू दे बापड्यांना. मला आतल्या आत हसू येतं.

वद्य १०

आपल्याकडे मीठ विकायला येते ती तुळसा मागीलदारी आली. मिठागरावर काम करते. कडेवर तिची शकू, तापानं लालबुंद.

"वैनी, तुमच्या पोरीला खराच पानी नाय दिला?"

सासूबाई उंबऱ्यातच उभ्या. खरं बोलायला जीभ रेटेना.

"नाही दिलं," म्हणाले मी. शाबास माझी! त्यावर सासूबाईंनी तिला पाण्याचे तोटे पुन्हा एकदा ऐकवले. उद्या एकटी सापडली की सांगून टाकते.

वद्य ११

एकादशी, त्यात पाहुणे. तुळसा आली नाही. मिठागराकडे जायला निघाले तर सासूबाई — "कुठं निघालीस?" परत फिरले. भित्री मेली! उद्या काहीही होवो, जायचंच.

वद्य १२

ह्यांनी अडवलं. मजुरांच्या वस्तीत तुझं काय काम, म्हणे.

वद्य १३

तुळसा आली. कडेवर पोर नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुमी केला तसाच केला, वैनी. शेवटपत्तुर पान्याचा थेंब नाय दिला."