आबांच्या वाट्याचा रोट

मुक्काम लीड्स, मोनालीचं घर
श्रावण संपत आला

तीर्थस्वरूप आबांस,

धाकट्या धनसिंगचा दंडवत. मंजुळावहिनींना नमस्कार, हितेंद्र आणि गोपालला आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं पारोळ्याच्या पंडितने सांगितलं. कोणत्या डोळ्याचं ते त्याला आठवत नव्हतं, म्हणून दोन्ही डोळ्यांची चौकशी करतो. आमच्या तब्येती ठीक. फोनच करणार होतो, पण माझा फोन तुम्ही उचलत नाही. पत्र मात्र न वाचता बाजूला ठेवणं तुम्हाला जमत नाही (विजेचं बिलसुद्धा तुम्ही पाठपोट वाचता), म्हणून हा मार्ग.

आम्ही स्कॉटलंडला जाऊन आलो. मोनालीने मोठ्या जहाजाची सहल ठरवली होती. आईवडिलांना समुद्र दाखवायचा, असं तिच्या मनात होतं. समुद्र आम्ही पाहिलेला नव्हता असं नाही, पण तिला तसं वाटत होतं आणि तिकिटं निघालेली होती. अडचण एकच. कानबाईमातेचं विसर्जन सोमवारी आणि आमचं विमान मंगळवारी. म्हणजे तिच्या प्रसादाचा रोट उरणार आणि आम्ही जाणार. नियम तुम्हीच मला लहानपणी दटावून शिकवलेत: घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, त्याच पिठाचे रोट, ते फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला कणभर द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आता आमच्या घरात पुरुष मी एकटा. माझी सव्वा मूठ दोन दिवसांत संपायला हवी. पण गेली पाच वर्षं, म्हणजे तुमचा रोट वेगळा आणि आमचा वेगळा झाला तेव्हापासून, आमच्याकडचा रोट संपता संपत नाही. असं का होतं ते मला कळत नव्हतं. ते कळायला स्कॉटलंडपर्यंत जावं लागलं.

वच्छलेने तळलेले रोट स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले, डबा धोतराच्या फडक्यात बांधला आणि फडकं सुटकेसमध्ये ठेवलं. रोट उंबऱ्याबाहेर न्यायचा का, यावर आमच्यात चर्चा झाली. तिचं म्हणणं, जहाजावरच्या खोलीच्या दारावर आपलं आडनाव लागणार आहे, तेव्हा तो आपलाच उंबरा. विमानाबद्दल ती काही बोलली नाही. जहाजावर सकाळपासून जेवणाची रांग असते. पांढऱ्या टोप्या घातलेले लोक मोठमोठे पदार्थ कापत उभे असतात आणि तुम्ही खाल्लं नाही तर त्यांना वाईट वाटतं. त्या सगळ्यांना वाईट वाटू देऊन आम्ही खोलीत पलंगावर बसून रोट खायचो. मोनाली दाराला आतून कडी लावायची.

एका सकाळी जहाज एका गावासमोर थांबलं. धक्का लहान म्हणून जहाज बाहेरच उभं, आणि आम्हाला छोट्या होडीतून उतरवलं. होडी हलली तशी वच्छलेने डबा पोटाशी धरला. (डबा बरोबर का घेतला, असं विचारू नका. खोली झाडायला एक माणूस यायचा आणि तो परका होता.) मला तापीची नाव आठवली. तुम्ही पुढे बसून पाण्यात हात घालायचात आणि आई ओरडायची, आणि तुम्ही हात काढून तो माझ्या सदऱ्याला पुसायचात. माझा सदरा त्या दिवसांत नेहमी ओला असे.

गाव मासेमारीचं. करड्या दगडाची घरं, एकाला एक चिकटलेली, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. बंदराची भिंत पाहून मला आपला किल्ला आठवला. तशीच जाड, तशीच ओली, तिच्यावरही पोरं बसलेली. फरक इतकाच की आपल्या खंदकात पाणी असलं तर असतं. इथे पाणी दिवसातून ठरलेल्या वेळी येतं आणि जातं, आणि ते गेलं की होड्या चिखलात बैलासारख्या एका कुशीवर बसतात. सगळीकडे माशांचा वास. श्रावणात! वच्छला नाकाला पदर लावणार होती, पण मोनालीने डोळ्यांनी नको म्हटलं. दुकानात केळी दिसली. मी उचलून पाहिली आणि परत ठेवली. जळगावच्या माणसाने केळ्याबद्दल परदेशात काही बोलू नये.

धक्क्यावर आमच्या स्वागताला बँड होता. पुरुषांनी चौकड्यांचे घागरे घातलेले, काखेत पिशवी धरून सनईसारखं काही वाजवत होते आणि मागे ढोल. खरे ढोल, आबा, कातड्यावर काठीने वाजवायचे. डीजे नव्हता. याची नोंद घ्यावी. (विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे आणायचा हट्ट कोणाचा, तो टेम्पो मारुतीच्या गल्लीत अडकला तेव्हा कोण काय बोललं आणि चूक कोणाची, हा विषय मी या पत्रात काढणार नाही. चूक तुमची होती.) ढोल ऐकताच वच्छलेची चाल बदलली. तिने डबा डोक्यावर घेतला आणि कानबाईपुढे चालतात तशी बँडमागे निघाली, आणि जहाजावरच्या चार म्हाताऱ्या इंग्रज बायका, सोहळा असाच असतो असं समजून, तिच्यामागे. शेवटी तिने त्यातल्या एकीशी फुगडी घातली. मी लांब उभा राहून त्या गटाशी माझा संबंध नाही असं दाखवत होतो.

मग भूक लागली. आम्ही बंदरावरच्या बाकावर बसलो आणि वच्छलेने डबा उघडला. मी रोट हातात घेतला, एवढ्यात आपल्या कोंबड्याएवढा पांढरा पक्षी मागून आला आणि रोट घेऊन गेला. माझ्या हातात गुळाचा वास राहिला. शेजारीच एक म्हातारा खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. तो उठला, पक्ष्यामागे टोपी घेऊन धावला, त्याला बरंच काही बोलला, आणि दमून आमच्याजवळ येऊन उभा राहिला. नाव फर्गस. मोनालीने ओळख करून दिली. त्याने खिशातून गोळ्यांची पुडी काढली, आम्हा तिघांना एकेक गोळी दिली आणि डब्याकडे पाहत राहिला.

आता आमची पंचाईत बघा. दारात आलेल्या माणसासमोर डबा उघडा ठेवून त्याला घे म्हणायचं नाही, हे आपल्या घरात कधी झालेलं नाही. आणि रोट घे म्हणणं, हेही कधी झालेलं नाही. वच्छला माझ्याकडे पाहू लागली.

“त्यानी आपलाकरता धाव घिदी. त्यानी गोळी आपण खाई लिन्ही. आते त्याना तोंडपुढे डबा झाकू का मी?”

मी म्हटलं, “नियम आहे.”

“मंग मी त्याले राखी बांधस. मना भाऊ व्हई जाई.”

मी तिला समजावलं की तिचा भाऊ म्हणजे माझा मेहुणा, आणि मेहुणा भाऊबंदांत येत नाही, तिचे सख्खे भाऊसुद्धा या डब्याला हात लावत नाहीत. तिने क्षणभर विचार केला. “मंग तुम्ही करा त्याले भाऊ,” ती म्हणाली. “तुमले तरी कोठे शे?”

मोनाली एकदम समुद्राकडे बघायला लागली.

मी फर्गसला वय विचारलं. तो माझ्यापेक्षा मोठा निघाला, म्हणजे करायचा तर थोरला भाऊच करावा लागणार होता. मोनालीने त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला ते अवघड वाटलं नाही. त्याने विचारलं, भाऊ झालो तर मला काय करावं लागेल? मी म्हटलं, काही नाही, वर्षातून एकदा यायचं आणि रोट खायचा. तो म्हणाला, एवढंच? मग तुझा स्वतःचा भाऊ नाही का येत? हे मोनालीने मला जरा उशिरा सांगितलं. मी म्हटलं, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. (गुडघा बरा असेल तर माफ करा. ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही.)

मला तरीही डबा पुढे करवेना. मी म्हटलं, भाऊ केला तरी त्याच्या नावाची मूठ पडलेली नाही, आणि मुठीशिवाय वाटा नाही. तेव्हा वच्छला म्हणाली, “आबानी मूठ शे ना त्यामा. हितेंद्रनी शे, गोपालनी शे. आबा येत नहीत. त्यासना वाटाना देऊत याले.” हे सांगताना ती माझ्याकडे रोखून का पाहत होती, ते मला समजलं नाही. मला धक्काच बसला. पाच वर्षं रोट का संपत नाही याचा उलगडा असा बाकावर बसून झाला. तुमच्या घरच्या सगळ्या मुठी दर श्रावणात आमच्या पिठात पडत होत्या आणि मला पत्ता नव्हता. बायकांच्या मनाचं काही सांगता येत नाही.

फर्गसने तुमच्या वाट्याचा रोट खाल्ला. सावकाश खाल्ला, पायांमधल्या जमिनीकडे पाहत, अगदी तुमच्यासारखा. मग म्हणाला, त्याची आई ओटची भाकरी करायची ती यापेक्षा मऊ असे, आणि याला लोणी हवं होतं. वच्छलेला फार समाधान वाटलं. रोटाला नावं ठेवतो म्हणजे नक्की भाऊबंद, असं तिचं मत पडलं.

मी मात्र त्याच्या हाताकडे पाहत होतो. दोरीने कापलेला, रुंद हात. तुम्हाला आठवतं का, आई जात्याजवळ सूप घेऊन बसायची आणि आपण ओळीत उभे. माझी मूठ एवढीशी. तिने पाहू नये म्हणून तुम्ही तुमची मूठ टाकताना थोडे गहू बोटांत धरून ठेवायचात आणि माझ्या मुठीबरोबर सोडायचात. आई म्हणायची, धनाची मूठ वाढली यंदा. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की ती खरंच वाढत होती. आणि चौथ्या दिवशी रोटाचा कंटाळा आला की माझ्या वाट्याचे तुम्हीच खायचात, कोठीच्या मागे, घाईघाईने, आणि उचकी लागली की पाणी मी आणून द्यायचो.

जहाजाचा भोंगा झाला तेव्हा फर्गस धक्क्यापर्यंत आला. होडी निघाल्यावर त्याने टोपी काढली. मीही हात हलवला. थोरल्या भावाला इतक्या लांबून हात हलवायची मला सवय आहे. बाजारात तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूने जाता, तेव्हाही मी हलवतो. तुम्ही पाहत नाही, ते वेगळं.

असो. पत्र लांबलं. वहिनींना डोळ्याला जपायला सांगा.

तुमचा,
धना

ता. क. तुमच्यासाठी लोकरीची टोपी घेतली आहे, फर्गसच्या टोपीसारखी. पारोळ्याच्या उन्हात तिचा काही उपयोग नाही.

ता. क. २. वरचं सगळं गंमत म्हणून लिहिलं. मुद्दा इतकाच की पुढच्या श्रावणात कानबाई एकाच ठिकाणी बसवावी, तुमच्याकडे. गहू तुमच्याच सुपात टाकू. डीजे आणलात तर मी मिरवणुकीत सगळ्यात मागे, कानांत कापूस घालून चालेन. पण चालेन.

ता. क. ३. वच्छलेला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणून कागद तिच्याकडे देतो. तिने काय लिहिलं ते न वाचता पाकीट बंद करीन.

आबा, पाया पडस. यासनी फुगडीनं लिखेल शे ते खरं शे. पण तुमनी मूठ मी नही टाकस. मी जातावर बसनू का दरसाल याच येतस, आन् तुमनी, हितेंद्रनी, गोपालनी मूठ गुपचूप टाकी जातस. त्यासले वाटस मी दखस नही. तुमनी मूठ टाकतांना त्या दोन्ही हात लावतस.