नानूचं नाव आणि धोंडिबाचं

राजूर, मंगळवार, ८ ऑगस्ट १९७२

दुपारी सरपंच कागद घेऊन आले. पंधरा ऑगस्टला बाजारतळावर हुतात्म्यांच्या नावांचा दगड बसणार. माझ्या धाकट्या भावाचं, नानूचं नाव त्यावर हवं तर मी सही करायची. कागदावर लिहिलेलं: मिरवणुकीत गोळी लागून मृत्यू.

कसली मिरवणूक? बेचाळीस साली नानूनं चौकीत बाँब टाकला. त्यात धोंडिबा शिपाई मेला. चार दिवसांनी पोलिसांनी नानूला डोंगरात गोळी घातली.

"ताई, बाँब म्हटलं की वर मंजूर न्हाई व्हायचं. आन् धोंडिबाचं कशाला काढता? त्यो इंग्रजाचा मानूस हुता."

हो, इंग्रजाचा. पण लहानग्या नानूला टोपीभर करवंदं आणून देणाराही तोच.

तेव्हा इंग्रजी पेपरानं नानूला 'टेररिस्ट' म्हटलं होतं, म्हणजे दहशतवादी. आईनं अर्थ विचारला. घरात कॉन्व्हेंटात शिकलेली मी एकटी. सांगितलं, देशभक्त. खोटं बोलले का मी? अजून ठरत नाही. माझी वेणी ओढून पळणारा नानू, आणि करवंदं देणाऱ्याला मारणारा नानू. दोन्ही माझेच.

म्हटलं, "बाँब लिहा, खाली धोंडिबाचंही नाव लिहा. मग करते सही."

"आसा दगुड कुठं आस्तो व्हय, ताई?"

"नसेल तर नानूशिवाय बसवा."

बसवतीलच. पण त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार, आणि शेजारी धोंडिबाची बायको. येईल ती? उद्या सकाळी तिच्या दारात जाऊन विचारते. तीस वर्षांत एकदाही गेले नाही.